जास्वंदीची चौकशी

भाऊकाका माणसांची चौकशी करत नाहीत. मागच्या वर्षी आईला टायफॉइड झाला तेव्हा ते भेटायला आले, पलंगाजवळच्या खुर्चीत बसले आणि काळजीने म्हणाले, "जास्वंदीले पाणी कोण टाकून राहिलं मग?"

ती जास्वंद त्यांनीच दिलेली. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांची कुंडी नाही असं घर नाही, आणि ती तपासायला ते आले नाहीत असा रविवार नाही. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेली. कळी उशिरा आली तर म्हणतात, "गाडी लेट आहे. कॅन्सल नाही." पान पिवळं दिसलं की मला विचारतात, "काहून वं पोट्टी, उपाशी ठेवलं का याले?" मी "नहीं काका" म्हणून आत पळते. मराठी मला सगळी कळते, पण शाळा इंग्रजी आणि गल्ली हिंदी, त्यामुळे बोलताना अडखळते.

तलावाजवळच्या तिकोनी बगिच्यात पूर्वी कचरा पडायचा. काकांनी एकट्याने तो उपसला, वाफे केले आणि पाटी लावली: 'फूल डोळ्यांनी घ्यावे.' पूजेसाठी तिथली दोन फुलं तोडणाऱ्या शेजारच्या आत्याबाईंशी ते सहा महिने बोलले नाहीत.

अशा काकांचा सत्कार ठरला आणि गल्लीत लग्नघराची धांदल उडाली. शाल आली, मांडव आला. भाषण माझ्या गळ्यात पडलं, तेही मराठीत. आरशासमोर मी ते इतक्यांदा म्हटलं की आईला पाठ झालं.

रविवारी सकाळी बगिचा माणसांनी भरून गेला. मी एकही शब्द न विसरता बोलले. टाळ्या पडल्या तेव्हा मला नाचावंसं वाटत होतं. मग सगळी व्यवस्था पाहणाऱ्या मोहनभैयांनी झेंडूचा हार घातला. काकांनी हाराकडे पाहिलं. मग मान वळवून डाव्या वाफ्याकडे पाहिलं. तिथे नुसते हिरवे देठ उभे होते.

"बाजारातला बासी होता, काका," मोहनभैया पुटपुटले. "आपलाच एकदम ताजा."

आता काका आमच्याशी बोलणं टाकणार, बगिचाही सोडणार, असं मला वाटलं.

काकांनी माइक ओढून घेतला. "तोडला तं तोडला. आता एकेक फूल घरी न्या. वाळवा, बी धरा. मी येतो पाहायले."

हशा पिकला. हार तिथेच उसवला आणि लोक रांगेत उभे राहिले. सर्वांत पुढे आत्याबाई.

शाल-नारळ घेऊन मी काकांना घरी सोडायला गेले. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. ओट्यावर एक कप पालथा घातलेला. गॅलरी ऐसपैस, उन्हाने भरलेली, आणि रिकामी.

"काका, आपके यहाँ एक भी गमला नहीं?"

"घरीच झाड ठेवलं तं बाहेर जायचं काम काय?" काका सहज म्हणाले आणि शालीची घडी घालू लागले.

मी दारात घुटमळले. इतके रविवार मी आत पळून घालवले होते.

"जास्वंद बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, काका," मी मराठीत म्हटलं. "तुम्ही कसे आहात?"

घातलेली घडी काकांनी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.