तेल महागलं की पेढे

जगात तेल महागलं की आमच्या कात्रपच्या इमारतीतले प्रधानसाहेब पेढे वाटत. तुम्ही बरोबर वाचलंत, महागलं की.

कुवेतमध्ये इराकी फौजा घुसल्या त्या दिवसांतली गोष्ट. रेशन दुकानापुढे रॉकेलचे डबे घेऊन आम्ही ताटकळत होतो आणि साहेब पेढ्यांचा खोका रांगेतून फिरवत होते. शिरगावच्या म्हात्रेमावशींनी पेढा घेतला, साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पेढं कसलं वाटताव, सायेब? घरान रॉकेलचा थेंब नाय."

"मावशी, तेलाच्या पिंपाचा भाव कुठं पोचलाय माहितीय? रशिया तरला आता."

"तरला तं तिकडंच वाटा की," म्हणत मावशींनी दुसरा पेढा उचलला.

साहेब अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलर सांभाळत. घरी भिंतभर रशियाचा नकाशा होता आणि त्यावर सायबेरियातून युरोपात जाणाऱ्या गॅसच्या पाइपलाइनी, टाचण्यांना लाल लोकर गुंडाळून दाखवलेल्या. त्या पाइपलाइनींपायी प्रधानवहिनींच्या लाल स्वेटरची एक बाही हिरवी झाली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय होता गळक्या टाकीचा. साहेब उठले. "लाँग टर्मला बघा," अशी त्यांची सुरुवात ठरलेली. पुढची वीस वर्षं जग कशावर चालणार, कोळसा कधी मागे पडणार, सगळं झालं.

"प्रधान, टाकी," चेअरमन म्हणाले.

"टाकीवरच येतोय." तेव्हा ते युक्रेन ओलांडत होते.

तेल स्वस्त झालं की आमचे स्कूटरवाले खुशीत असत आणि साहेब मात्र अर्ध्या ताटावरून उठत. माणूस कम्युनिस्ट आहे, असं आम्ही एकमतानं ठरवून टाकलं होतं.

खरं कारण एकदा वहिनींनी सांगितलं, मोड आलेले वाल सोलता सोलता. फार पूर्वी कारखान्यात रशियन बॉयलर बसवायला गेन्नादी नावाचा इंजिनियर आला होता. आठ महिने राहिला. दर रविवारी यांच्याकडे जेवायला. मांडी घालता येत नसे, म्हणून पाय लांब पसरून बसायचा आणि वहिनींना वाल सोलू लागायचा. "वाल कमी सोलायचा, खायचा जास्त," वहिनी म्हणाल्या. "यांना दुसरा मित्रच झाला नाही हो." परत गेल्यावर तो सायबेरियात गॅसच्या विहिरींवर लागला. दर नव्या वर्षाला पत्र यायचं. देश फुटल्यावरही दोन आली, मग बंद.

म्हणजे आम्ही ज्याला जागतिक बाजारपेठ समजत होतो, तो एका माणसाचा पगार होता.

अठ्ठ्याण्णव साली तेल पार कोसळलं. सायबेरियातल्या कामगारांना महिनोन्‌महिने पगार नाही, असं रेडिओवर येऊ लागलं. साहेब तेव्हा रिटायर झाले होते. एका सकाळी ते माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून.

"एक पत्र लिहून द्या. माझं इंग्रजी बॉयलरपुरतं आहे."

त्यांच्या घरी बसलो. त्यांनी सांगायला सुरुवात केली. मागणी, पुरवठा, अरबांचं धोरण. माझं एक पान भरलं. मग ते थांबले.

"हे खोडा."

"सगळं?"

"सगळं. त्याला काय उपयोग त्याचा?" बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. "लिहा, तू जिवंत आहेस का, एवढं कळव. आणि निघता आलं तर इकडे ये. आतली खोली रिकामी आहे."

आतली खोली मला ठाऊक होती. धान्याचे डबे, गाद्या, शिलाईमशीन. पाय ठेवायला जागा नव्हती तिथं.

"साहेब, खोटं कशाला लिहायचं?" मी म्हटलं.

आतून काहीतरी जड फरफटत ओढल्याचा आवाज आला. दारात शिलाईमशीन दिसलं आणि त्याच्यामागे पदर खोचलेल्या वहिनी.

"तुम्ही लिहा हो," त्या म्हणाल्या. "आणि यांना जरा मशीनला हात लावू द्या."