आधी नाक, मग तोंड

आमचे अण्णाकाका कुठलीही गोष्ट तोंडात घालण्याआधी नाकाशी नेतात. चहा, वरण, प्रसादाचा पेढा, काहीही. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि पोह्यांची बशी नाकाला लावून इतका वेळ डोळे मिटून बसले, की मुलीच्या आईला वाटलं पोहे करपले. "आधी नाक, मग तोंड," हे त्यांचं ब्रीद.

आमच्या कन्नड गावात सगळे ऊस लावत असताना या माणसानं वाइनची द्राक्षं लावली. लोक हसले. त्याचं अण्णांना काही वाटलं नाही. पण त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे वडील, आमचे दादा, एवढंच म्हणाले, "बापाच्या रानात दारू पिकवणार व्हय?" आणि त्यांनी अबोला धरला.

आमच्या आणि अण्णांच्या घरात नुसतं एक कुंपण. अण्णा रोज सकाळी तिथं येऊन मोठ्यानं सांगायचे, "दादा, बागेत लई भारी वास सुटलाय!" दादा पेपरचं पान उलटायचे.

पुढं परवाना आला, वाइन मुरली. अण्णांनी घरामागच्या बागेतच चव घेण्याचा दिवस ठरवला. शहरातून जाणकार पाहुणे, करमाडचे व्याही, सगळी भावकी. पहिल्या रांगेत त्यांनी गादी घातलेली खुर्ची ठेवली.

"ही दादांची. बाकीच्यांनी नावं ठेवली तरी चालंल. दादांनी एक घोट घेतला की मी पास."

खुर्ची रिकामीच राहिली. अण्णा उभे राहिले. "ग्लास हलवा. हुंगा. मनुकांचा वास येतो का नाय?"

सगळ्यांनी हुंगलं. प्यायलं मात्र कुणीच नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पीत नाहीत, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथं हजर होतं. जावयासमोर सासरे, पुतण्यासमोर चुलते. व्याह्यांनी तर त्यांचे मामा दिसताच ग्लास खुर्चीखाली सारला. शहरातल्या पाहुण्यांना वाटलं, इथली रीतच असेल. तेही बिचारे हुंगत बसले. आम्ही बायकांनी स्वयंपाकघरात काकूंबरोबर केव्हाच चव घेऊन लाल वाइनला पसंती दिली होती, पण आम्हाला विचारतो कोण!

शेवटी अण्णा ओरडले, "खुर्च्या फिरवा! एकमेकांकडं पाठ करा!"

मग अख्खी भावकी वेलींकडे तोंड करून वाइन पिऊ लागली. चहूकडून "वा, वा" ऐकू यायला लागलं. एका पाहुण्यानं विचारलं, "ही खरंच कन्नडची?"

"कन्नडचीच!" मी अण्णांच्या आधी बोलले. अभिमानानं माझाच ऊर भरून आला होता.

अण्णा मात्र स्वतःचा भरलेला ग्लास नुसता हुंगत होते.

"अण्णा, तुम्ही घ्या ना."

"दादा कुंपणापलीकडं अंगणात बसलेत. तिथून दिसतोय त्यांना मी."

एरवीही ते चव घ्यायचे ती कोठीचं दार लावून. ज्या भावानं अबोला धरला, त्याचासुद्धा हा माणूस इतका मान राखत होता.

संध्याकाळी पाहुणे निघाले आणि कुंपणाचं फाटक वाजलं. दादा आले. अण्णांनी पोरासारखा ग्लास पाठीमागं लपवला. ते थेट त्या गादीच्या खुर्चीत बसले. मी ग्लास भरून दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले, अगदी अण्णांसारखे. मग एक घोट घेतला.

"मनुकांचा वास हाय," दादा म्हणाले.

मग ते उठले, खुर्ची उचलून वेलींकडे फिरवली आणि धाकट्या भावाकडे पाठ करून बसले.

"मी तिकडं बघतो. तू घे आता."

अण्णांनी ग्लास सरळ तोंडाला लावला. आयुष्यात पहिल्यांदा, वास न घेता. घेणार कसा? नाक रडून चोंदलं होतं.