दाबली म्हटलं ना

दुकानदार एवढंच म्हणाला, "साहेब, जोडणी आमच्याकडेच करून घ्या. घरी जमत नाही लोकांना." त्यातला 'लोकांना' हा शब्द माझ्या जिव्हारी लागला. आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस 'लोक' कसा होईल? मी नव्या कॉम्प्युटरचे सगळे सुटे भाग खोक्यांसकट घरी आणले.

बायकोने एकच विचारलं, "सोमवारी अकराला माझी मुलाखत आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं म्हणूनच तर नवा कॉम्प्युटर. ती फिजिओथेरपिस्ट. नऊ वर्षांपूर्वी माझी बदली झाली आणि तिने चांगली नोकरी सोडली. हे ती कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मला जास्त टोचतं. आता एका मोठ्या हॉस्पिटलने बोलावलं होतं, पण मुलाखत कॉम्प्युटरवरूनच, मोबाइल चालणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

सोमवारी पावणेदहाला मी शेवटचा स्क्रू पिळला. (रविवारी संपेल असा अंदाज होता. आमच्या ऑफिसात याला वेळेवर म्हणतात.) जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्यात बसवली होती आणि त्याचे उरलेले भाग सुटे होऊन बादलीत पडले होते. म्हणजे परतीचा रस्ता बंद. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले आणि स्क्रीन काळाकुट्ट राहिला.

पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. माझी पाचावर धारण बसली. मेहुण्याला फोन लावला, त्याला यातलं कळतं.

"भाऊजी, पंखे फिरतायत?"

"फिरतायत. पंख्यांची काही तक्रार नाही."

"बोर्डवर लाल दिवा दिसतोय का? कुठे?"

"रॅमच्या शेजारी."

"मग रॅम नीट बसली नाहीये. दाबा."

"दाबली."

(दाबली नव्हती. दाबल्यासारखं तिच्याकडे पाहिलं होतं. एवढीशी नाजूक पट्टी ती. साहेबांच्या टेबलावर फाइल ठेवावी तशी मी ती खाचेत अलगद ठेवली होती. किमती वस्तूवर जोर करायचा नाही, हे मी नोकरीत शिकलो.)

"खट् असा आवाज आला?"

"आला." (तो स्वयंपाकघरातल्या झाकणाचा होता, पण आला होता.)

झालं. मेहुणा बिचारा माझ्या शब्दावर विसंबून रोग भलतीकडेच शोधायला लागला. स्क्रीनची वायर बदलली. बोर्डवरची बटणाएवढी बॅटरी काढली, ती कपाटाखाली गेली, ती फूटपट्टीने बाहेर काढली. हार्ड डिस्क काढून पुन्हा लावली. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "भाऊजी, रॅम नक्की दाबली ना?" आणि मी दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने म्हणायचो, "दाबली म्हटलं ना." एकदा हो म्हटल्यावर माघार कशी घेणार?

या सगळ्या वेळात बायको तयार होऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दहा पन्नासला तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं, फाइलची दोरी ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला स्वतःची लाज वाटली.

"फोन इकडे द्या," ती म्हणाली. भावाचं ऐकून घेतलं. "हं. बरं." मग मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"अगं, पण ते फार नाजूक..."

"माणसाचा गुडघाही नाजूक असतो. बाहेर."

जाता जाता दिसलं, तिने आधी प्लग काढला. (मला तासाभरात हे सुचलं नव्हतं.) दार लोटलं. आतून खणखणीत खट् ऐकू आलं. मोडली, मी मनात म्हटलं, रॅमही गेली आणि नोकरीही. तेवढ्यात पंखे घुमले आणि थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "नमस्कार. हो, मला नीट ऐकू येतंय." घड्याळात अकराला एक मिनिट कमी होतं.

मी दाराला कान लावला. पलीकडून एका बाईंनी विचारलं, "नऊ वर्षांचा खंड आहे. हाताची सवय राहिली आहे का?"

"आज सकाळीच एक केस होती," बायको शांतपणे म्हणाली. "सगळे अवयव नवे, पण उठतच नव्हता. नातेवाईक तासभर वरवर हात फिरवत होते आणि विचारलं की दाबलं म्हणून सांगत होते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"आधी नातेवाइकांना बाहेर काढलं. मग दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाब दिला. उठला लगेच. तुमच्याशी त्याच्यावरूनच बोलतेय."

पलीकडचे सगळे खळखळून हसले आणि मला कळलं, नोकरी लागली. माझा जीव भांड्यात पडला. सुटकेने मी दारावर जो रेललो, तो दारासकट आत, थेट कॅमेऱ्यासमोर. हातात फूटपट्टी होती.

बाईंनी चष्मा वर सरकवून मला नीट पाहिलं. मग बायकोला म्हणाल्या, "हे का ते नातेवाईक? यांना मात्र वेळ लागेल हो."

"सतरा वर्षं झाली," बायको म्हणाली. "उपचार चालू आहेत."