हबीब मास्तरांना बसलेले लोक हवेत

हबीब मास्तरांची मुलाखत आम्ही चालत घेतली. म्हणजे मास्तर चालत होते आणि मी, मुख्याध्यापक वानखडे सर आणि सरांची फाइल असे आम्ही त्यांच्या मागे. मैदानाच्या तीन फेऱ्या झाल्यावर वानखडे सर कडुनिंबाखाली मटकन बसले आणि मला म्हणाले, "घेऊन टाका यांना. नाहीतर हे थांबत नाहीत."

मी अमरावतीच्या एका संस्थेत काम करते. संस्था हायस्कूलमध्ये वर्षभरासाठी एक कलाकार मुक्कामी पाठवते. त्यानं शाळेतच राहायचं, नववीच्या मुलांना आपली कला शिकवायची आणि फेब्रुवारीत सगळ्या शाळांनी ती अमरावतीच्या हॉलमध्ये सादर करायची. इतर शाळांना चित्रकार मिळाले, कथकच्या ताई मिळाल्या. दर्यापूरच्या या शाळेला अकोटचे बँडमास्तर मिळाले. वरातीपुढे लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवणारे.

छत्तीस वर्षं त्यांनी चालत वाजवलं होतं. त्यामुळे आता त्यांना एका जागी काहीच जमत नसे. चहा ते व्हरांड्यात येरझारा घालत पीत. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत त्यांची राहायची सोय होती, तिथे त्यांनी पहिल्याच दिवशी खाट भिंतीपासून ओढून मधोमध ठेवली. भोवती फिरायला जागा हवी म्हणून. थांबले की त्यांच्या क्लॅरिनेटमधून नुसती हवा येई. "पाय बंद, सूर बंद," ते मुलांना सांगत आणि निघत.

त्यांच्यामागे बावीस मुलं दोन रांगांत. दोन ट्रम्पेट, एक साइड ड्रम, एक ढोल, बाकी झांजा आणि खुळखुळे. ढोल वैष्णवीकडे होता. तो तिच्यापेक्षा रुंद होता, त्यामुळे समोरून पाहिलं की ढोलाला पाय फुटलेले दिसत. एकदा तास संपून अर्धा तास झाला तरी वर्ग परतला नाही. मी आवाजाचा माग काढत गेले, तर सगळे बसस्टँडच्याही पुढे पोचले होते.

"वैष्णवी, परत का नाही वळलात?"

"गाणं संपलंच नाही न म्याडम. मंग वळाचं कसं?"

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर पटलेलं होतं.

माझ्या बोलण्यावर मात्र ते नाराज असत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात मुळात कमी आणि हळू बोलणारी. "तुमी भलत्या हयू बोलता, म्याडम. भुसा भरला का नळीत? जरा फुक मारा न." मी हसून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करायची.

डिसेंबरमध्ये मी त्यांना हॉलचा फोटो दाखवला. त्या दिवशी ते पहिल्यांदा थांबलेले मी पाहिले. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "ह्या खुर्च्यांवर लोकं बसते?"

"हो."

"आन वाजवणं होयेपर्यंत बसूनच राहते?"

"हो, मास्तर. कार्यक्रमच तसा असतो."

मग चालता चालता ते बोलले. "वरातीतली लोकं उभी असते. नाचते, अंगावर येते, हे नको ते वाजव म्हणते. मांडवाचं दार आलं का बँड बंद. नवरदेव आत, आमी मांगच्या बाजूनं जेवाले. आजपर्यंत एका माणसानं मले बसून नाही आयकलं. पोट्ट्याईले तरी कोणी बसून आयकू दे."

दुसऱ्या दिवसापासून उभं राहण्याचा सराव सुरू झाला. मैदानावर खडूची बावीस वर्तुळं काढली गेली. प्रत्येकानं आपल्या वर्तुळात राहायचं. "खांब व्हा," मास्तर ओरडत. खांब झाल्यावर ट्रम्पेटचा आवाज फाटे, झांजा मागे पडत, आणि वैष्णवीचा डावा पाय वर्तुळाबाहेर चोरून जाऊन येई. "काहून हालली?" "मी नाही हालली, ढोल हालला." मास्तर स्वतः हे सगळं त्या वर्तुळांभोवती गरागरा फिरत शिकवत होते, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. फेब्रुवारी येईपर्यंत मात्र मुलं अख्खं गाणं उभ्यानं वाजवू लागली. मैदानावर तरी.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मुलं रंगमंचावर गेली. मास्तर कडक इस्त्रीचा लाल कोट घालून, क्लॅरिनेट काखेत धरून मागच्या दारात उभे राहिले.

"आत या ना, मास्तर. खुर्ची ठेवली आहे."

"तुमी बसा. मी इथंच बरा आहो." दारातून मान पुढे काढून त्यांनी सगळ्या रांगा पाहिल्या. "बसले न सारे?"

सगळे बसले होते.

पडदा वर गेला आणि मुलांनी काय वाजवलं म्हणून सांगू. ट्रम्पेट स्वच्छ, झांजा चोख. मी मागे पाहिलं तर मास्तरांचे डोळे रंगमंचावर नव्हतेच. ते लोकांच्या पाठी पाहत होते, रांगेमागून रांग.

दुसऱ्या कडव्याला वैष्णवीचा पाय उचलला गेला. मग शेजारचीचा. पुढच्याच ठेक्याला बावीसच्या बावीस मुलं दोन रांगा धरून रंगमंचाच्या पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेनं सरळ मास्तरांच्या दिशेनं निघाली. गाणं एका सुरानंही चुकलं नव्हतं. उलट आता ते जास्तच रंगलं. पहिल्या रांगेतले पाहुणे पुष्पगुच्छासकट उठले आणि त्यांनी हात वर केले. मग काय, अख्खा हॉल नाचत मागे. दारात येणाऱ्या बँडपुढे मास्तर दुसरं काय करणार? त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि उलट्या पावलांनी चालत सगळ्यांना अंगणात नेलं. चित्रकारांच्या शाळेतली मुलंसुद्धा नाचली. त्या दिवशी एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुणालाच मिळाल्या नाहीत.

गर्दी पांगल्यावर मास्तर मला म्हणाले, "उठले न सारे."

संध्याकाळच्या दर्यापूर एसटीत मुलं अजून फुगलेलीच होती. पाहुणे कसे नाचले, याची नक्कल तिसऱ्यांदा चालली होती. मास्तर माझ्या शेजारी खिडकीतून बाहेर बघत बसले होते. इतका वेळ बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाडी वलगावच्या पुढे आली. मी एसटीत कंडक्टरशी तिकिटापलीकडे कधी बोललेली नाही. पण उठले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, हे आमचे मास्तर आहेत. यांनी थोडं वाजवलं तर चालेल का?"

मास्तरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"काहून नाही चालत?" कंडक्टर म्हणाला. "पण सीटवरून कोणी उठाचं नाही. गाडीत नाचणं-गिचणं मले नाही पायजे."

मास्तर बराच वेळ क्लॅरिनेट पुसत राहिले. मग मला म्हणाले, "एक आहे. वरातीत नाही चालत ते. नाचता येत नाही त्याच्यावर. घरी वाजवतो मी, भिताडाकडं तोंड करून."

ते फार संथ होतं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं, आणि वैष्णवीनंही नसावं, कारण तिचे हात मांडीवर तसेच राहिले. पुढच्या बाकावरच्या बाईनं आपलं रडकं बाळ खांद्यावर घेतलं आणि ती वळून बसली. मागे कुणाचा तरी मोबाइल वाजला, तो लगेच बंद झाला.

एका फाट्यावर गाडी थांबली. सूर मात्र बंद पडला नाही. आमच्या पलीकडे एक म्हातारेबुवा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, तुमचा फाटा आला न," कंडक्टर म्हणाला. "उतराचं नाही का?"

"समोरच्या फाट्यावर उतरतो," म्हातारेबुवा म्हणाले. "येईन मांगं पायी. आयकून राहिलो न मी."

कंडक्टरनं घंटी दिली. मास्तर डोळे मिटून वाजवत होते, पण हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.