तांब्या डॉक्टर

तिसगावला लहान पोरांचे व्यायाम घेणारा एक डॉक्टर आहे. पोराला हात लावायच्या आधी तो सोबतच्या आजीच्या दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या देतो. सगळे त्याला तांब्या डॉक्टरच म्हणतात.

माझी नात परी दोन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. पायात जोर कमी. मुलगा-सून ऊसतोडीला निघाले तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई, पाडव्याला मी येईन तवा ही चालत सामोरी आली पायजे." मला एकच इलाज ठाऊक होता, कडेवर घेऊन फिरायचा.

डॉक्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, पाय कुनाचे कच्चे हायेत?"

"हिचे."

"मग तुमीच का चालताय?"

असला उद्धट माणूस. त्यानं परीला पाटावर बसवलं, तिची बाहुली समोरच्या खाटेवर ठेवली आणि मला तांब्या दिला. खाली गादी, मागं तो स्वतः. तरी परी उठायला धडपडली की माझे हात पुढं जायचे.

"सांडलं, आजी. म्हंजी तुमी धरायला निघालता."

आधी पाटावरून उठणं, मग खाट धरून आडवं चालणं, मग पालथी बादली ढकलत जाणं. घरीही रोज तेच. माझं लुगडं कायम ओलं. शेजारीण म्हणायची, "आक्का, व्यायाम नातीचा हाय का तुमचा?"

पोर गादीवर आपटलं तरी डॉक्टर हळहळत नाही. "पडली? आता उठायचं शिकंल." दगडाच्या काळजाचा आहेस, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"आसंन," म्हणाला, आणि तांब्या पुन्हा भरून दिला.

पाडव्याला दोन दिवस उरले. परी अजून खाटेचा नाहीतर बादलीचा आधार सोडत नव्हती. डॉक्टर म्हणाला, "आज मागं तुमी बसा. मी समोर बसतो. तांब्या माझ्याकडं द्या."

परीनं खाट सोडली. एक पाऊल, दोन, तीन. चौथ्याला डुलली. मी हात जागेवर ठेवले. ती सावरली आणि थेट त्याच्या गुडघ्याला जाऊन चिकटली.

मी पाहिलं तर त्याची पँट भिजलेली, तांब्या रिकामा.

"सांडलं, डॉक्टर."

त्यानं मान वर केली नाही. "गळतोय हा तांब्या," एवढंच म्हणाला.

चार महिने तो तांब्या माझ्या हातात होता. थेंबभरही गळत नव्हता.