चिंचेचा ओंडका आणि तुळशीदासची मशीन

तुळशीदासने बायकोच्या धंद्यासाठी लाकडी पाटी करायची ठरवली, तिथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दहिसरच्या बाजाराच्या तोंडाशीच पेंटर बसतो. त्याने चहा पिता पिता पाटी रंगवून दिली असती. पण बाप्याची जात! त्याला खिळा ठोकायला सांगा, तो आधी हातोडा घडवायला बसतो. तुळशीदास म्हणाला, पाटी मशीनने कोरायची आणि मशीनपण आपणच बनवायची.

सीएनसी म्हणतात तिला. कंप्युटरवर अक्षर काढायचं, मशीन ते लाकडात कोरून देते. तुळशीदास कंपनीत स्टोअरकीपर होता तेव्हा त्याने अशी मशीन काचेतून पाहिली होती. (ऑपरेशनपण काचेतून दिसतं. म्हणून कुणी सुरी हातात घेत नाही.) रिटायर झाल्यावर त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि भंगारवाल्याकडून प्रिंटरच्या दांड्या, कपाटाच्या ड्रॉवरचे चॅनल, तीन मोटारी असं काय काय घरात आणलं. दोन महिने कमळ पहाटे मासळीची पाटी घेऊन निघताना त्या पसाऱ्यावरून उड्या मारत दरवाजा गाठत होती.

"अहो, माझ्या जन्मात होईल ना ही?" ती विचारायची.

"इंजिनिअरिंगला वेळ लागतो, कमळ."

"माणसाला नऊ महिने लागतात. त्यात हातपायपण येतात."

शेवटी मशीन उभी राहिली. उजवीकडे जा म्हटलं की ती डावीकडे जायची, कारण एका मोटारीच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. तुळशीदास म्हणाला, "डावखुरी आहे जरा," आणि विषय संपवला. खरी पंचाईत वेगळीच होती. मोटार फिरली की मशीन थरथर कापायची आणि लादीवरून सरकत सरकत मोरीत जाऊन उभी राहायची. व्हिडिओतला माणूस सांगत होता, मशीनखाली वजनदार, न हलणारा पाया पाहिजे.

आता घरात वजनदार आणि न हलणारी वस्तू म्हणजे एक तुळशीदासच. पण त्याला आठवला ओंडका.

कमळ ज्यावर मासळी कापते तो चिंचेच्या लाकडाचा ओंडका. तुळशीदासच्या आईचा, तिच्यामागे कमळकडे आलेला. दोन बाप्यांनी उचलला तरी दोघांची कंबर बोलेल असा. बाजारात जागेचा कागद कुणाकडे नाही. जिचा ओंडका जिथे, तिची जागा तिथे. म्हणून कोळीण घरी आली तरी ओंडका बाजारातच राहतो. हे कोळणीच्या पोटी जन्मलेल्या तुळशीदासला ठाऊक नव्हतं का? होतं. पण बाप्याला ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमळ भाच्याच्या साखरपुड्याला गोराईला गेली. रविवारी सकाळी भावाच्या होडीची मासळी घेऊन थेट बाजारात उतरणार होती. शनिवारी सकाळी तुळशीदासने लवू रिक्षावाल्याला गाठलं आणि ओंडका घरी आणला.

"वहिनीला विचारलंस ना?" रिक्षाची सीट चाचपत लवूने विचारलं.

"सरप्राइज आहे यार. संध्याकाळी परत ठेवू."

मशीन आठ लांब स्क्रूंनी ओंडक्यावर आवळली. ओंडक्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फळी चिकटवली. कंप्युटरवर 'कमळ' टाकलं आणि बटण दाबलं. मशीन जागची हलली नाही! तुळशीदासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं.

पण त्या ओंडक्याने दोन पिढ्या बांगड्याचं तेल प्यायलेलं. त्यावर टेप काय टिकते? फळी सुटली, भिंतीवर आपटली. मशीनला कुठे कळतंय? तिचं पातं खाली उतरलं आणि ओंडकाच कोरायला लागलं. बंद करायचं लाल बटण तुळशीदासने बसवलंच नव्हतं. (त्याने मशीनवर अविश्वास दिसतो म्हणे.) त्याने धावत जाऊन प्लग उपटला. तो फ्रिजचा निघाला. खरा प्लग सापडेपर्यंत सासूच्या ओंडक्यावर सुनेचं नाव बोटभर खोल कोरून झालं होतं. तेही आरशात दिसतं तसं, उलटं.

मशीन सोडवायला गेला तर घाईत स्क्रूंची डोकीच झिजली. पेचकस लागेना. तेवढ्यात गोराईहून कमळचा फोन आला.

"बाजारातली बाजूची नलिनी फोन करून विचारते, धंदा सोडलास का? माझा ओंडका कुठाय?"

"घरी आहे. सुखरूप आहे."

"घरी? तो काय चहा प्यायला आला? उद्या सात वाजता जागेवर दिसला नाही ना, तर तुम्हाला तिथे आडवं करीन आणि तुमच्यावर सुरमई कापीन."

रविवारी सकाळी लवूची रिक्षा बाजारात शिरली ती एका बाजूला झुकून. आत ओंडका, त्यावर मशीन आणि मशीनला मिठी मारून तुळशीदास. कमळ पाट्या घेऊन उभी होती. तिच्या जागेवर शेजारची नलिनी पिवळीधमक साडी नेसून पसरली होती.

"ऊठ नलिने. ओंडका आला माझा."

"हा ओंडका? मला वाटलं भावोजींनी पिठाची गिरणी आणली."

कमळने मशीनकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. कोयता उलटा धरला आणि चार दणक्यांत मशीन खाली. दोन महिन्यांचं इंजिनिअरिंग गटाराकडे घरंगळत गेलं. तिने लवू आणि नवऱ्याकडून ओंडका जागेला टेकवून उभा करून घेतला, त्यावर भलामोठा रावस टाकला आणि कापला. रक्त ओंडकाभर पसरलं. "हा बघ, धंदा सुरू. हो बाजूला."

तिने रावस उचलला, तेवढ्यात नलिनी झटकन उठली आणि ओंडक्यावरच फतकल मारून बसली. "आता काप. मी पण बघते!"

"नलिने, ऊठ."

"जागेवर ओंडका नव्हता, जागा मोकळी! विचार कुणालाही!" साक्षीला माणसं बोलवायला ती उठली आणि बाजाराकडे तोंड, म्हणजे कमळकडे पाठ करून उभी राहिली.

पहिला लवू हसला. मग कमळ. मग मागच्या रांगेतल्या सगळ्या कोळणी. नलिनीच्या पिवळ्या साडीवर, बसायच्या जागी, लाल रक्तात ठळक पिवळं नाव उमटलं होतं. ओंडक्यावरचं उलटं नाव तिथे सुलटं झालं होतं. कमळ.

"अगं नलिने," एक म्हातारी ओरडली, "जागेचं राहू दे, आता तूच कमळची झालीस!"

नलिनी पाटी तिथेच टाकून साडी बदलायला घरी पळाली. ती आली तेव्हा कमळचा ओंडका जागेवर होता, कमळ ओंडक्यामागे होती आणि अर्धा रावस विकला गेला होता.

तुळशीदासची छाती फुगली. शेवटी मशीननेच जागा वाचवली की नाही?

"वाचवली," कमळ म्हणाली. "पण तुमच्या अक्षरांत खवले अडकतात. वास मारतो."

आता रोज दुपारी बाजार उठला की तुळशीदास उकिडवा बसतो आणि जुन्या टूथब्रशने 'ळ'च्या दोन्ही वाट्या साफ करतो. ओळखीचं कुणी जाताना विचारतं, "काय तुळशीदास, तुझ्या त्या सीएनसीचं काय झालं?"

"मेंटेनन्स चालू आहे," तो मान वर न करता सांगतो.