टिन पार्लमेंट आणि बापटकाकांचा कान

बापटकाका कुणाकडेही गेले की बूट काढून आधी स्वयंपाकघरात शिरत आणि फ्रिजला कान लावत. घरची बाई चहाचं आधण ठेवायची थांबून बघत राही. काका डोळे मिटून, एक बोट वर धरून ऐकत, आणि मग हलकेच म्हणत, “हा निघालाय.”

आमचा फ्रिज त्यानंतर नवव्या दिवशी गेला. कुलकर्ण्यांचा तर काका जिना उतरायच्या आत. महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, हा माणूस नजर लावतो. मी म्हणायचे, नजर नाही, कान लावतो!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन मी पुण्याहून मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आले, तेव्हा कॉरिडॉरमध्ये आमच्या समोरच्या घरात बापटकाका राहत. मूळचे सांगलीचे, पन्नाशीच्या आसपासचे, एकटेच. “काकू इंडियाला असतात,” एवढंच सगळ्यांना माहीत होतं. एका मोटार कंपनीत त्यांचं काम म्हणजे बंद खोलीत बसून नव्या गाड्यांच्या कुरकुरी ऐकणं. ब्रेक का किंचाळतो, दार का कण्हतं, हे ते शोधून काढत. “गाडी बोलत असते गं,” ते मला सांगत. “आपण अटेन्शन देत नाही.”

मंडळात बाकीच्यांकडे नाट्यगीतांच्या कॅसेट होत्या. काकांकडे फक्त एका इंग्लिश बँडच्या रेकॉर्ड. बँडचं नाव टिन पार्लमेंट. कंपनीनं काकांना एकदा वर्षभर इंग्लंडच्या उत्तरेला पाठवलं होतं. राहायची खोली एका गॅरेजच्या वर, आणि खाली हा बँड प्रॅक्टिस करायचा. तिघं तरुण आणि एक मुलगी. एक दिवस काका खाली उतरले. आता हा माणूस ओरडणार, असं त्या चौघांना वाटलं. काका ड्रमपुढे उकिडवे बसले, “तुमचं पेडल चिरकतंय,” म्हणाले आणि खिशातून तेलाची डबी काढली. ड्रम वाजवणारी जोन त्या दिवसापासून त्यांना मिस्टर ऑइल म्हणायला लागली. पुढे प्रत्येक नवी रेकॉर्ड ती पोस्टानं पाठवायची.

त्या बँडची हकीकत काका चुलतघरची बातमी सांगावी तशी सांगत. “पहिली रेकॉर्ड म्हणजे नुसतं भांडण. गिटार कसली, रस्त्यावरून पत्रा ओढत नेल्यासारखी. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये डेसमंडनं घरात जागा केली बघ.” डेसमंड हा बास गिटार वाजवणारा, जमैकन आईबापांचा मुलगा. त्याच्यामुळे गाण्यात मोकळं अंतर आलं होतं. एक ठोका पडायचा आणि बोगद्यात गेल्यासारखा लांब लांब जात राहायचा. तिसऱ्या रेकॉर्डमध्ये ट्रम्पेट आला, आफ्रिकन ढोल आले, डिस्कोचा ठेका आला, आणि ती चिडलेली माणसं नाचायला लागली. “चिडून नाचायचं! सुचलं होतं कुणाला?” काका विचारत, जणू आम्ही कुणी नाव सांगणार होतो.

एकदा गणपतीच्या कार्यक्रमात, भावगीतं संपल्यावर, काकांनी ही तिसरी रेकॉर्ड लावली. मोठी माणसं प्रसादाच्या रांगेत गोठली. लहान मुलं मात्र “कूल, बापट अंकल!” करत सतरंजीवर उड्या मारू लागली. पुढच्या वर्षीपासून रेकॉर्ड प्लेअरजवळ खुर्ची टाकून एक कमिटी मेंबर बसवण्यात येऊ लागला.

काकांच्या घरी बसून ती गाणी ऐकणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बर्फ पडून गेलेली दुपार असायची, बाहेर रस्ता मुका. काका दिवा लावत नसत. अशाच एका दुपारी चौथी रेकॉर्ड वाजत होती आणि काकांचं बोट वर गेलं.

“ऐकलंस? डेसमंड वाजवतोय, पण दाराकडे तोंड करून. हा निघालाय.”

मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. तरी त्या अंधुक खोलीत मी नकळत दाराकडे पाहिलं. तीन महिन्यांनी जोनचं कार्ड आलं. डेसमंड एक दिवस न सांगता निघून गेला होता.

माझा नवरा श्रीकांत हसला. “बँडमधून लोक जातातच यार. त्यात काय?”

मला हसू येईना. “काका, तुम्ही जोनला आधीच का नाही कळवलंत?”

“यंत्रांचं सांगतो मी,” काका म्हणाले. “माणसांचं सांगत नाही.” आणि रेकॉर्ड पुसत बसले.

पुढच्या हिवाळ्यात टिन पार्लमेंट डेट्रॉइटला आलं. जोननं काकांना कार्यक्रमाआधी दुपारी, वाद्यांचे आवाज जुळवून बघतात त्या साउंड चेकला बोलावलं. श्रीकांतला ऑफिस होतं, म्हणून सोबत मी गेले. जुनं थिएटर होतं, खुर्च्या काढून टाकलेलं. एवढ्या मोठ्या काळोख्या जागेत आम्ही दोघंच. स्टेजवर तिघं, आणि डेसमंडच्या जागी स्टुलावर एक इलेक्ट्रॉनिक पेटी. तिच्यावर लाल दिवा उघडझाप करत होता आणि डेसमंडचे सूर आता तिच्यातून येत होते. ठेका असा की माझे पाय आपोआप हलायला लागले, आणि ते मी हलवत नाहीये हे कळून मला भीती वाटली. वाजवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गाणं संपलं, तिघांनी वाद्यं खाली ठेवली. पेटी एकटीच वाजत राहिली. ती बंद करायला कुणीही पुढे झालं नाही.

शेवटी जोन खाली आली. उंच, थकलेली. तिनं काकांना मिठी मारली आणि विचारलं, “मिस्टर ऑइल, कसं वाटतंय ऐकायला?”

काकांनी स्टेजकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाले, “जोन, तिथे कुणीच नाहीये.”

मला वाटलं, ही आता चिडणार. तिचे डोळे भरले. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पण असं म्हणालं कुणीच नव्हतं.”

परतताना काका ड्राइव्ह करत होते, नेहमीसारखी खिडकी उघडी ठेवून. टायरचा आवाज ऐकायला. मी थंडीनं कुडकुडत होते.

“वैशाली,” ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “तूही निघालीयस.”

 माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली मुंबईचं तिकीट होतं. भावानं पाठवलेलं. या बर्फात, या चार भिंतींत मला राहवत नव्हतं. श्रीकांतला मी एक अक्षर बोलले नव्हते. कुणालाच नाही.

“गेले महिनाभर तुझ्या आवाजात ऐकतोय. आमच्या निर्मलाच्याही आवाजात असंच होतं. बहिणीच्या लग्नाला म्हणून गेली ती गेलीच. मला सहा आठवडे आधी कळलं होतं. मी तिच्या बॅगांना कुलपं लावून दिली, पण विचारलं नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “थांब म्हणत नाही मी. श्रीकांतला सांगून जा.”

त्याच संध्याकाळी मी सांगितलं. दोन दिवस आम्ही भांडलो, रडलो. तिसऱ्या दिवशी श्रीकांत मला एअरपोर्टवर सोडायला आला. “परत येशील?” त्यानं विचारलं. “माहीत नाही,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं. चार महिने पुण्यात राहिले. मग माझी मीच परत आले आणि इथल्या कॉलेजात नाव घातलं.

मधल्या काळात जोनचं पत्र आलेलं होतं. बँड बंद झाला होता. पण तिनं डेसमंडला शोधून काढलं होतं, आणि जुने चौघं एका टेबलाशी बसून, बोलून, बँड बंद करून उठले होते. काकांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. “जरा येतेस? इंडियाला फोन करायचाय.”

मी त्यांच्या घरी गेले. नंबर त्यांना पाठ होता. फोन लागला. “हॅलो, निर्मला? मी बोलतोय,” काका म्हणाले. त्या काळी इंडियाच्या कॉलमध्ये आपलाच आवाज क्षणभरानं परत यायचा. तो ऐकून काका दचकले. त्यांनी रिसीव्हरवर हात दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मला माझं काही कळत नाही गं. काय ऐकू येतंय माझ्या आवाजात?”

“काका, तुम्ही घाबरलायत.”

“हे सांगू तिला?”

“हेच सांगा.”

त्यांनी हात काढला. “निर्मला, मी घाबरलोय,” ते म्हणाले.

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. आतून काकांचा आवाज येईना. बराच वेळ आला नाही. म्हणजे पलीकडून कुणीतरी बोलत होतं.